पोरांनी नेटवरून उतरवायचं की नेटवर लिहायचं? (बंधाऱ्याच्या प्रकल्पावरून)

भोगावतीकाठ | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. करवीर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी अठरा वर्षं भूगोल शिकवतोय. दिवाळीच्या सुट्टीआधी नववीला प्रकल्प दिला होता, 'आपल्या परिसरातील सिंचन'. ४१ वह्या आल्या. त्यातल्या २६ वह्यांत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरचा मजकूर शब्दाला शब्द एकच होता, कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेला. आणि त्यात लिहिलेलं की पावसाळ्यात पाणी अडवण्यासाठी या बंधाऱ्याला दारं लावतात.

आमची शाळा भोगावतीच्या काठावर आहे. मागच्या फाटकातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत बंधारा लागतो. निम्मी पोरं रोज त्यावरूनच सायकलनं येतात. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की त्यांना लांबचा वळसा पडतो, हजेरीत ते लगेच दिसतं. पावसाळ्यात बंधाऱ्याची दारं काढलेली असतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी वहीत उलटं.

एका मुलीला जवळ बोलावून विचारलं. तिचे वडील बंधाऱ्यावर बर्गे, म्हणजे दाराच्या फळ्या, घालायच्या कामालाच जातात. ती म्हणाली, "सर, पप्पा वेगळं सांगत होते. पण नेटवर असं होतं म्हणून मी तेच लिहिलं."

हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या आठवड्यात वर्ग घेऊन बंधाऱ्यावर गेलो. पाऊस ओसरला होता, बर्गे घालायचं काम चालूच होतं. तिच्या वडिलांनी पोरांना खांबांतल्या खाचा दाखवल्या. जुन्या पद्धतीत त्या खाचांतून लाकडी फळ्यांच्या दोन ओळी समोरासमोर उतरवायच्या आणि मधल्या पोकळीत माती ठासून भरायची, म्हणजे गळती थांबते. पावसाळा तोंडावर आला की सगळं काढून घ्यायचं, म्हणजे पुराचं पाणी आणि त्याबरोबर येणारा गाळ मोकळा वाहून जातो. एका मुलानं विचारलं, "माती कुठली पण चालते का?" ते खाली वाकले, मूठभर माती उचलली, दाबली आणि मूठ उघडली. गोळा तसाच राहिला. "ही चालते. हाताला भुगा लागला तर ती नको." मग प्रत्येकानं ती माती दाबून बघितली.

परत येऊन लिहायला सांगितलं. ४१ पानं, एक दुसऱ्यासारखं नाही. आता माझ्या मनात आहे की हे पोरांनी मराठी विकिपीडियावर लिहावं, फोटो काढून चढवावेत. आमचे एक सहकारी म्हणतात, कुणीही लिहितो तिथं पोरांना कशाला पाठवता, अभ्यास बुडेल. तुमचं मत सांगा. शिक्षक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांचं हवंय.

आठवी_गल्ली | सोमवार, रात्री १०.२५

सर, मी दहावीतल्या मुलाची आई, राजारामपुरीत राहते. तुमची तळमळ पटते, पण माझी बाजूही ऐका. माझा मुलगा रोज तीन तास 'अभ्यासाचे व्हिडिओ' बघतो. एक संपला की दुसरा आपोआप सुरू. विचारलं तर म्हणतो, समजलं. वही पुढे ठेवून तेच गणित सोडव म्हटलं की पहिल्या दोन ओळींनंतर हात थांबतो. आम्ही ज्या क्लासला फी भरतो, तिथूनही आता शिकवण्यापेक्षा लिंकच जास्त येतात. कुणी बनवलेत, त्याचं शिक्षण काय, काही माहीत नाही. चुकलं तर जाब कुणाला विचारायचा?

पाठ्यपुस्तकात चूक असेल तर बालभारतीला पत्र पाठवता येतं. इथं कुणाला पाठवू?

शिरोली_सेटर | सोमवार, रात्री ११.१०

ताई, तुमचा प्रश्न बरोबर हाय. मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे कोड लिहून चालवायच्या कापायच्या मशिनवर, सेटर हाय. आयटीआय केलं तेव्हा संस्थेत एकच मशिन, तेबी निम्मा वेळ बंद. प्रोग्रामिंग मी मोबाईलवर शिकलो. कुणीतरी आमच्यासारखाच कारखान्यातला माणूस, रात्रपाळी संपवून हिंदीत व्हिडिओ टाकायचा. जी ०० म्हणजे टूल नुसतं पळवायचं, जी ०१ म्हणजे सरळ कापत न्यायचं, जी ०२ आणि जी ०३ म्हणजे गोलाईत, एक घड्याळासारखं, दुसरं उलटं. पुस्तकात चार पानं वाचून जे डोक्यात शिरलं न्हवतं ते त्यानं खडूनं फरशीवर काढून दाखवलं.

पण चूकबी तिथंच झाली. त्याच्या एका प्रोग्रामात जी ४३ ची ओळ न्हवती. जी ४३ म्हणजे टूल किती लांब हाय हे मशिनला सांगायचं. त्याचं आधीच सेट असणार, म्हणून त्यानं ती ओळ दाखवली न्हाई. मी तसाच प्रोग्राम घातला, सायकल स्टार्ट दाबलं आणि टूल सरळ फिक्श्चरमध्ये, म्हणजे जॉब धरायच्या पकडीत, घुसलं. होल्डर वाकडा, इन्सर्टचा चुरा, जॉब भंगारात. दोन दिवस कुणाशी बोललो न्हाई.

तिसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ परत उघडला. खाली प्रतिक्रियांत वरून सातव्या नंबरला गुजरातकडच्या एका ऑपरेटरनं आधीच लिहून ठेवलं होतं, "जी ४३ राहिलाय, नवीन पोरं टूल ठोकतील." मी व्हिडिओ बघितला होता, खालचं वाचलं न्हवतं. तेव्हापासून मी हाताखालच्या पोरांना सांगतो, व्हिडिओ अर्धा आणि खालच्या प्रतिक्रिया अर्ध्या. आणि कळलं त्यानं खाली लिवायचं. जाब विचारायची जागा तीच हाय, ताई.

जुना_वाचक | मंगळवार, सकाळी ७.३०

मी महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो. करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद आहे, ते १८५० सालचं. या गावात पुस्तकं वाटून वाचायची सवय जुनी आहे, तेव्हा नव्या माध्यमाला माझा विरोध असल्याचं कुणी समजू नये.

पण दोन गोष्टी मनापासून सांगतो. विश्वकोशाची उभारणी वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली झाली, पहिला खंड १९७६ साली आला. त्याआधी १९२० च्या दशकात डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. प्रत्येक नोंद त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घ्यायची, संपादकानं तपासायची, मग छपाई. या चाळणीला वर्षं लागली, पण चाळणी होती. आज आधी प्रसिद्धी होते आणि चाळणी मागाहून लागते. लागलीच तर.

दुसरं, लांबलचक वाचायचा धीर. वीस पानांचं प्रकरण वाचताना मधल्या कंटाळवाण्या पानांतूनच पुढची गोष्ट उमगते. सहा मिनिटांच्या चित्रफितीत ती मधली पानं नसतात. आठवी गल्लीतल्या ताईंच्या मुलाचा हात दुसऱ्या ओळीनंतर थांबतो, त्याचं कारण मला हेच वाटतं. दुसऱ्याला चालताना पाहून आपले पाय बळकट होत नाहीत.

आता भोगावतीकाठ यांना उत्तर. लिहू द्या मुलांना. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. पूर्वी शाळेत पोरं फळीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवायची. चुकलं की हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचं. चुकायची मुभा असलेली पाटी. परीक्षेच्या वहीत ती मुभा आपण कधी दिली नाही.

अभ्यासिका_शाहूपुरी | मंगळवार, दुपारी १.१५

सर, काका, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आमच्याकडे पाठ्यपुस्तकापेक्षा टेलिग्रामवरच्या पीडीएफ जास्त चालतात. कुणीतरी विद्यार्थीच नोट्स काढतो, फोटो काढतो, टाकतो. गावाकडून आलेल्या, क्लासची फी न परवडणाऱ्या मुलींसाठी हा मोठा आधार आहे, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझी पहिली दोन वर्षं त्यावरच निघाली.

पण एक प्रसंग सांगायलाच हवा. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. मी ज्या नोट्स वापरत होते त्यात १९४८ होतं. शंका आली म्हणून दुसऱ्या ग्रुपवर पाहिलं, तिथंही १९४८. तिसऱ्या ठिकाणीही तेच. तीन ठिकाणी सारखं आहे म्हणजे बरोबरच, असं धरून मी पाठ केलं. सराव चाचणीत गुण गेला. मग तिन्ही पीडीएफ शेजारी ठेवून बघितल्या. तिन्हीत एकाच ठिकाणी 'विलिनीकरण' असं ऱ्हस्व 'लि' चं लिहिलेलं, आणि पुढचा मुद्दा तिन्हीत मध्येच तुटलेला. एकाच वहीचे तीन फोटो होते ते.

तेव्हापासून मी 'किती ठिकाणी आहे' बघत नाही. 'हे पहिल्यांदा कुणी लिहिलं आणि त्याला कुठून कळलं' ते शोधते. वेळ लागतो. अभ्यासिकेत आम्ही पाच जणींनी आता वाटून घेतलंय, एकीनं काढलेल्या नोट्स दुसरीनं मूळ पुस्तकाशी ताडायच्या आणि खाली पुस्तकाचं नाव, पान नंबर लिहायचा. पान नंबर नसेल ती नोट ग्रुपवर जात नाही.

भोगावतीकाठ | मंगळवार, सायंकाळी ६.५०

ताई, पान नंबराची ही रीत मी उद्यापासून नववीला लावतो. इतकी वर्षं 'संदर्भ लिहा' असं नुसतं सांगत आलो. पोरं शेवटच्या पानावर 'इंटरनेट' असं लिहायची आणि मी ते चालवून घ्यायचो. 'इंटरनेट' हा संदर्भ म्हणजे पत्ता विचारल्यावर 'महाराष्ट्रात राहतो' असं सांगण्यासारखं झालं.

शिरोलीच्या दादांचं व्हिडिओ आणि प्रतिक्रियांचं म्हणणं उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

कुरुंदवाडकर | मंगळवार, रात्री ८.०५

शिरोळ तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे हा विषय वेगळाच आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्या आठ दिवसांत मोबाईलवर काय काय फिरलं! कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातला वाहून जाणारा पूल 'आत्ताचा कोल्हापूरचा' म्हणून. आणि रात्री दोनला 'राधानगरी फुटलं' म्हणून आवाज असलेला निरोप. माझी आई ७४ वर्षांची. तिला अंधारात, कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं, त्या एका निरोपापायी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर सुखरूप होतो. पुढे दोन महिने ती नीट झोपली नाही.

मी गणित शिकवतो. शाळा सुरू झाल्यावर पहिला तास मी याच विषयावर घेतला. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, फुटायचा संबंध नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. पोरांनी फळ्यावर गुणाकार केला, एका दरवाज्यातून सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला. सातही उघडले तर जवळपास १०,००० क्युसेक. मग पोरांनीच विचारलं, आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागेल, नदीत आधी किती होतं, पंचगंगेत कुंभी, कासारी, तुळशीचं पाणी मिळतं त्याचं काय. ज्या निरोपानं घाबरवलं होतं, त्याच निरोपाचं गणित झालं.

आता आमच्या शाळेतली मुलं पावसाळ्यात रोज पातळीचा तक्ता लिहितात आणि गावच्या ग्रुपवर टाकतात. खाली वेळ आणि कुठून घेतली ते लिहितात. गेल्या पावसाळ्यात गावातली मोठी माणसं 'शाळेचा आकडा आला का' म्हणून विचारत होती. हासुद्धा पोरांनी तयार केलेला मजकूरच की.

चंदगड_गुरुजी | मंगळवार, रात्री ९.३०

वाचतोय. मी प्राथमिक शाळेवर. आमच्याकडे रेंजच मुळात टेकडीवर. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी गोष्टी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचो, दोन-तीन मिनिटांच्या, कारण मोठी फाईल उतरायचीच नाही. पोरं संध्याकाळी गुरं घेऊन वर जायची तेव्हा ऐकायची. व्हिडिओ बनवायचा प्रयत्न केला होता, कुणापर्यंत पोचला नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड लावून मुलांना धडा ऐकता-बघता यावा अशी सोय केली, पुढे राज्यानं ती उचलली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. २०१७ पासून केंद्राचं दीक्षा हे शिक्षणाचं संकेतस्थळ आहे, त्यावरही शिक्षकांनी बनवलेलं साहित्य आहे. हे सगळं आम्ही वापरतो. पण माझा अनुभव असा की आमच्या पोरांना सगळ्यात जास्त आवडलं ते त्यांच्या आज्जीनं सांगितलेलं. चौथीतल्या एका मुलानं आज्जीची काजूच्या बागेतली गोष्ट रेकॉर्ड करून आणली. आमच्याकडची बोली, जरा कोकणीकडे झुकणारी. वर्ग अगदी गप्प होऊन ऐकत होता. पुस्तकाच्या भाषेत उत्तर द्यायला लाजणारी दोन पोरं त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात बोलली.

एक मात्र कळकळीनं सांगतो. पोरांचे चेहरे, नावं, शाळेचं नाव उघड्यावर टाकू नका. आई-वडिलांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आवाज, हात, वस्तू, झाड, बंधारा, एवढं पुरतं.

धूळपाटीवाला | मंगळवार, रात्री ११.५५

मी सात-आठ वर्षं मराठी विकिपीडियावर संपादन करतोय, म्हणून थोडं कामाचं लिहितो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आज नव्वद हजारांच्या वर लेख आहेत. पण आपल्या तालुक्यांतल्या गावांची पानं उघडून बघा, बरीचशी दोन ओळींची आहेत. लिहायला जागा भरपूर आहे.

सर, शाळेत करायचं असेल तर आधी हे ध्यानात घ्या. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात, त्यामुळे ४१ पोरांना एकदम संगणक कक्षात बसवलं तर सातव्या पोरापासून अडेल आणि तास वाया जाईल. तीन-चार जणांचा गट करून गटाला एक पान द्या, आणि गटातल्या एकानंच आपल्या खात्यावरून ते चढवावं, खाती दोन-तीन दिवसांत वाटून उघडा. खातं टोपणनावानं, खरं नाव नको. आधी सगळ्यांनी कागदावर लिहायचं, मग धूळपाटीवर, तिथं दुसऱ्या गटानं तपासायचं, आणि मगच मूळ लेखात. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला तर तो उडवला जाईल, प्रताधिकाराचा प्रश्न आहे. स्वतःच्या शब्दांत लिहून खाली पुस्तकाचा हवाला द्यायचा. फोटो स्वतः काढलेलेच, ते कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, चढवायचे. ते मोकळ्या परवान्याखाली जातात, म्हणजे उद्या कुणीही, पाठ्यपुस्तकवालाही, श्रेय देऊन वापरू शकतो. हे पोरांना आधी समजावून सांगा, नंतर वाईट वाटायला नको.

आणि प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कुणी, कधी, कुठला शब्द बदलला ते सगळं दिसतं. जुना_वाचक काका म्हणतात ती चाळणी तिथं उघड्यावर चालते. २००५ साली नेचर या नियतकालिकानं इंग्रजी विकिपीडिया आणि ब्रिटानिका ज्ञानकोश यांचे ४२ विज्ञानलेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. सरासरी चुका विकिपीडियात चारच्या आसपास, ब्रिटानिकात तीनच्या आसपास. ब्रिटानिकानं त्यावर आक्षेप घेतले. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की चुका दोन्हीकडे होत्या. इंग्रजीत लिहिणारे आणि तपासणारे हात खूप आहेत, मराठीत फार थोडे. म्हणून आपल्याकडची चूक वर्षानुवर्षं तशीच बसून राहते, तुमच्या २६ वह्यांत आली तशी.

आठवी_गल्ली | बुधवार, सकाळी १०.००

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री मुलाला म्हटलं, आज व्हिडिओ बघ, पण बघून झाल्यावर मला शिकव. प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा होता. माझी दहावी होऊन पंचवीस वर्षं झाली. मी पेल्यात पाणी घेऊन चमचा ठेवला आणि विचारलं, हा वाकडा का दिसतो, सांग. तो सुरू झाला आणि 'घन माध्यमात वेग कमी होतो' इथपर्यंत येऊन अडला. 'वेग कमी झाला तर वाकायचं कशाला?' असं मी खरंच न समजून विचारलं. त्यानं पुस्तक काढलं, आकृती काढली, खोडली, परत काढली. पाऊण तास गेला. शेवटी म्हणाला, "आई, तिरका किरण असेल तरच वाकतो, सरळ खाली गेला तर नाही." हे त्याला व्हिडिओत सांगितलेलं होतं म्हणे, पण त्यानं ते ऐकलंच नव्हतं.

तो आता ते मोबाईलवर रेकॉर्ड करतो म्हणतोय. करू दे.

जुना_वाचक | बुधवार, सकाळी ११.२०

ताई, नेटवर फुकट धडे देणाऱ्या खान अकादमीची सुरुवात अशीच घरातून झाली. तिचे संस्थापक सलमान खान (नट नव्हेत) बोस्टनमध्ये नोकरीला होते आणि २००४ साली लांब राहणाऱ्या आपल्या नादिया या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागले. इतर नातलग मुलंही मागू लागली, तेव्हा २००६ साली त्यांनी ते धडे यूट्यूबवर ठेवले. आपल्या माणसाला समजावं एवढ्याच हेतूनं ते केलेलं होतं.

भोगावतीकाठ | गुरुवार, रात्री ९.१५

एक अडचण आली आहे, मदत हवी. त्या मुलीच्या गटानं धूळपाटीवर सात ओळी लिहिल्या आणि काल मूळ लेखात घातल्या. आज सकाळी तिच्या ओळीपुढे 'संदर्भ हवा' असं आलंय. ती मला म्हणाली, "सर, पप्पांचं नाव लिहू का?"

मी काय उत्तर देऊ? तिथल्या नियमानं वडिलांचं सांगणं संदर्भ म्हणून चालत नाही, छापील पुरावा लागतो, हे मला मान्य आहे. पण जिनं एकदा पप्पांपेक्षा नेटवर भरवसा ठेवला, तिला मी परत 'पप्पांचं चालत नाही' असं सांगू? बावीस वर्षं त्या माणसानं दर वर्षी त्या खाचांत फळ्या उतरवल्यात.

जुना_वाचक | गुरुवार, रात्री १०.४०

सर, तिला असं सांगा की पप्पांनी वाट दाखवली, आता पुस्तकात ती वाट कुठं आहे ते शोधायचं. पाटबंधारे अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत या बंधाऱ्याची आकृतीसकट माहिती असते. पॉलिटेक्निकमध्ये कुणी ओळखीचं असेल तर तिथलं ग्रंथालय बघा, किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात विचारा. मुलीला बरोबर न्या. पप्पांनी सांगितलेलं पुस्तकात सापडतं तेव्हा काय वाटतं, ते तिला एकदा अनुभवू द्या.

आणि जे पुस्तकात सापडणार नाही, मातीचा गोळा दाबून बघायची ती खूण, ते त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवा. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्यातून शिकलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आज लिहू शकते. ज्यांच्या हातात काम होतं त्यांचं ज्ञान कागदावर फारसं आलं नाही, कारण लिहिणारे हात वेगळे होते. आता दोन्ही एका घरात आहेत.

शिरोली_सेटर | गुरुवार, रात्री ११.३०

सर, रेकॉर्डिंगचं माझ्यावर सोडा. माझ्याकडं कॉलर माईक हाय, नदीवर वारा असतो, मोबाईलचा आवाज फाटतो. रविवारी सुट्टी असती. पप्पांना विचारा, चेहरा नको असंल तर नुसतं हात घेतो.

भोगावतीकाठ | पंधरा दिवसांनी, रविवार, रात्री ८.२०

कळवायला उशीर झाला, माफी असावी. पुस्तक सापडलं. पॉलिटेक्निकच्या ग्रंथपालांनी दोन पुस्तकं काढून दिली. मुलगी आणि तिची मैत्रीण टेबलावर बसून इंग्रजी परिच्छेद बोट ठेवून वाचत होत्या, अडलेला शब्द मला विचारत होत्या. फळ्यांच्या दोन ओळी, मधे माती, आकृतीत अगदी तसंच. तिनं पान नंबर स्वतःच्या हातानं वहीत उतरवला आणि दोनदा तपासला. संध्याकाळी पुस्तकाचा फोटो वडिलांना दाखवला. ते म्हणाले, "हे पुस्तक लिवणारा बंधाऱ्यावर येऊन गेलेला दिसतोय."

संदर्भ घातल्यावर ती खूण निघाली. पण चार दिवसांनी कुणीतरी तिच्या वाक्यातलं 'बर्गे घालतात' काढून 'बर्गे बसवतात' केलं. तिनं मला न विचारता चर्चा पानावर लिहिलं, "आमच्याकडं बर्गे घालतात आणि काढतात असंच म्हणतात. बसवतात कुणी म्हणत नाही." खाली टोपणनाव.

आज दुपारी बघितलं. बदल करणाऱ्यानं 'धन्यवाद, माहीत नव्हतं' असं लिहून 'घालतात' परत केलंय.

शिरोली_सेटर | रविवार, रात्री ९.०५

लई भारी काम केलंसा सर. माती दाबायचं आणि फळी उतरवायचं शूटिंग चांगलं आलंय, आवाज साफ हाय. पप्पांनी एकदा बघून हो म्हटलं की चढवतो. बर्गे काढतानाचं राहिलंय, मे महिन्यात तारीख ठरली की दोन दिवस आधी कळवा, पाळी बदलून घेतो.